सपाट रंगाचं स्क्रीन प्रिंट घेण्यापूर्वी

भौमितिक चित्राचं स्क्रीन प्रिंट, म्हणजे जाळीतून शाई उतरवून केलेली छपाई: दोन-तीन आकार, चार-पाच रंग. यात छापायला अवघड ते काय, असं ग्राहक विचारतात. निसर्गचित्रात एखादा रंग जरासा सरकला तर झाडापानांत खपून जातो. दोन चौकोनांच्या मध्ये मात्र अर्ध्या मिलिमीटरची पांढरी फट राहिली, तर नजर सारखी तिथेच जाते. असा कागद आम्ही बाद करतो.

प्रत्येक रंगाची जाळी वेगळी. ताणलेल्या पॉलिएस्टर जाळीवर उजेडाने कडक होणारं इमल्शन लावायचं, वर आकार काळ्यात उमटवलेली पारदर्शक फिल्म ठेवून प्रकाश द्यायचा. काळ्याखाली झाकलेला भाग मऊ राहतो, पाण्याने निघून जातो आणि तिथूनच स्क्वीजीने, म्हणजे रबरी पट्टीने, शाई खाली उतरते. पाच रंग म्हणजे प्रत्येक कागद पाच वेळा नेमका त्याच जागी बसवायचा. दमट हवेत कागद किंचित वाढतो आणि कालचा रंग आजच्याशी जुळत नाही. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये बहुरंगी काम आम्ही घेत नाही, कितीही घाई असली तरी.

एवढा खटाटोप कशासाठी, हे चित्रकार जोसेफ आल्बर्स यांच्या कामातून कळतं. जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत शिकवून १९३३ साली ते अमेरिकेत गेले आणि १९५० पासून अखेरपर्यंत एकात एक चौकोन रंगवत राहिले. शेजार बदलला की तोच रंग वेगळा दिसतो, हे त्यांना दाखवायचं होतं. त्यासाठी रंगाचा थर एकसंध हवा, ब्रशचा फटकारा नको. त्यांच्या १९६३ च्या ‘इंटरॅक्शन ऑफ कलर’ या पुस्तकातले रंगपट स्क्रीन प्रिंटने छापले गेले, आणि १९७२ च्या ‘फॉर्म्युलेशन : आर्टिक्युलेशन’ या प्रिंटसंचात अशी १२७ प्रिंट्स आहेत. इंकजेटच्या छपाईत रंग बारीक ठिपक्यांनी बनतो. भिंग लावून पाहा: आमच्या प्रिंटमध्ये ठिपका दिसणार नाही, आणि तिरप्या उजेडात शाईची कड कागदावर किंचित उठलेली दिसेल.

खाली पेन्सिलने १२/४० लिहिलेलं असतं, म्हणजे चाळीसपैकी बारावी प्रत. पहिल्या क्रमांकांसाठी जास्त पैसे मोजू नका. ड्रायपॉइंटमध्ये, म्हणजे पत्र्यावर सुईने ओरखडून केलेल्या छपाईत, पत्रा झिजतो, तिथे आधीच्या प्रती सरस असतात. जाळीला चाळीस प्रतींत काही होत नाही. खरं तर तिच्यातून हजारही निघतील. त्यामुळे ‘मर्यादित’ हा शब्द छापणाऱ्याच्या प्रामाणिकपणावरच उभा असतो. आवृत्ती पूर्ण झाली की आम्ही चित्रकारासमोर जाळी धुऊन टाकतो आणि तसं प्रमाणपत्रावर लिहून देतो. ‘ए.पी.’ (आर्टिस्ट्स प्रूफ) लिहिलेल्या थोड्या प्रती चित्रकाराच्या स्वतःच्या असतात, त्यांचा आकडाही प्रमाणपत्रावर असतो.

चित्रकार सय्यद हैदर रझांच्या ‘बिंदू’ चित्रांचे सेरिग्राफ मागणारे बरेच येतात. सेरिग्राफ म्हणजे स्क्रीन प्रिंटच. पण ते मुळात जाळीसाठी रचलं होतं की आधीच्या चित्राची प्रत आहे, हे विक्रेत्याला जरूर विचारा. दोन्ही चालतात, किंमत एक असू नये.

मॅट शाईवर बोटाचा डाग पडला तर निघत नाही. कागद कोऱ्या कडांनीच धरा. फ्रेमवाल्याला आम्लविरहित माउंट लावायला सांगा, काच शाईला टेकता कामा नये आणि मागे सेलोटेप नको. ओल येणारी भिंत आणि थेट ऊन टाळा. फ्रेम करायची नसेल तर प्रिंट गुंडाळू नका, सपाटच ठेवा. त्यासाठीचं फोल्डर आम्ही प्रिंटसोबत देतो.