७२वं जनुक

डोळे मिटून घास तोंडाशी नेला तरी हात चुकत नाही, कारण कुठला स्नायू किती ताणलाय ते आतल्या चेतातंतूंना कळत असतं. पण ताण म्हणजे निव्वळ ओढ. तिची वीज कशी होते? पेशीपटलात ओढीने उघडणारं दार असणार, हे बरीच वर्षं ठाऊक होतं. ते दार कोणत्या प्रथिनाचं, हे मात्र कळत नव्हतं.

पहिला पुरावा बेडकाचा. १९७९ मध्ये कोरी आणि हडस्पेथ यांनी बुलफ्रॉगच्या आंतरकर्णातल्या केसपेशींचे केस हलवले, तर विजेचा प्रवाह सुरू व्हायला एक मिलिसेकंदही लागला नाही. रासायनिक निरोप इतक्या झटपट पोचत नाही. म्हणजे ओढ थेट आयन चॅनलच, म्हणजे विद्युतभारित कण आत-बाहेर सोडणारं प्रथिनाचं दारच, उघडत असणार. १९८४ मध्ये फाल्गुनी गुहराय आणि फ्रेडरिक सॅक्स यांनी कोंबडीच्या स्नायुपेशीला काचेची सूक्ष्म नळी लावून पेशीपटल हलकेच शोषलं आणि एकेक चॅनल उघडताना टिपलं.

जिवाणूंमध्ये ओढीने उघडणारं असं चॅनल घडवणारं एक जनुक १९९४ मध्ये मिळालं. मार्टिन चाल्फी यांनी भुवईच्या केसाने सूक्ष्म कृमींना स्पर्श करत, तो न जाणवणारे कृमी वेगळे काढले. त्यातूनही जनुकं हाती आली. सस्तन प्राण्यांच्या स्पर्शाचं कोडं मात्र यातल्या कशानेच सुटेना.

ते सुटलं कॅलिफोर्नियात, स्क्रिप्स संस्थेत, आर्डेम पॅटापूटियन यांच्या प्रयोगशाळेत. बर्ट्रांड कोस्ट यांनी उंदराच्या अशा पेशी घेतल्या, ज्यांना काचेच्या टोकाने टोचलं की प्रवाह वाहायचा. मग संशयित जनुकांची यादी केली. एक जनुक बंद करायचं, टोचायचं, प्रवाह मोजायचा. प्रवाह आहेच, तर पुढचं जनुक. ही चिकाटी मला त्या शोधाइतकीच मोठी वाटते. ७२वं जनुक बंद केलं आणि पेशी गप्प झाली. २०१० मध्ये जाहीर झालेल्या या चॅनलला दाब या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून 'पिझो १' नाव मिळालं. जोडीला त्याचं भावंड 'पिझो २' सापडलं. पुढे रचना उलगडली, तेव्हा तीन पात्यांच्या पंख्यासारखा आकार दिसला. पटल ताणलं की वाकडी पाती सपाट होतात आणि मधलं छिद्र उघडतं. २०२१ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलमध्ये पॅटापूटियन हे शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांचे सहमानकरी होते.

माणसातला पुरावा २०१६ चा. 'पिझो २' जन्मतःच निकामी असलेले, ९ आणि १९ वर्षांचे दोन रुग्ण अमेरिकेत तपासले गेले. डोळे उघडे असताना त्यांना चालता येत होतं. पट्टी बांधली की तोल जायचा, आणि समोरच्या वस्तूकडे नेलेला हात भलतीकडेच जायचा.