मांडवीतलं जळालेलं बिऱ्हाड: शोधामागची पार्श्वभूमी

मांडवी, चिंचबंदर, मस्जिद बंदर इथलं पणजोबांचं बिऱ्हाड १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीतल्या स्फोटात गेलं, एवढंच पुष्कळ घरांत ठाऊक असतं. त्याचा माग काढणारा माणूस युद्धातल्या नुकसानीचे कागद शोधू लागतो आणि पहिल्याच पायरीवर अडतो, कारण ते घर युद्धात गेलं की अपघातात, हे तेव्हाच उघड नव्हतं.

मुंबईवर शत्रूचा बॉम्ब पडला नाही. पण गोदीत स्फोट झाला त्या 'फोर्ट स्टिकीन' जहाजावरची सुमारे १,४०० टन स्फोटकं युद्धासाठीच आली होती, आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठी त्यांच्याच लगत रचल्या गेल्या त्याही युद्धकाळातल्या जहाजटंचाईमुळे. आगीच्या नेहमीच्या विम्यात स्फोटाची जोखीम धरलेली नव्हती. युद्धजोखमीच्या विम्याचे वटहुकूम निघाले होते, पण १९४० चा व्यापारी मालासाठी होता आणि १९४२ चा कारखान्यांसाठी. चाळीतली खोली, तांब्यापितळेची भांडी, लग्नातला शालू यांना कुठेच जागा नव्हती. सुमारे ८० हजार माणसं बेघर झाल्यावर सरकारनं जबाबदारी घेतली आणि त्याच वर्षी भरपाईसाठी स्वतंत्र वटहुकूम काढला. याला सरकारची उदारता म्हणणं मला पटत नाही. स्फोटक माल असल्याचा लाल बावटा जहाजावर नव्हता. दुपारी दोनच्या सुमारास आग कळली, तरी जहाज जागीच बुडवायचं की बाहेर ओढून न्यायचं याचा निर्णय ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट होईपर्यंत झालाच नाही. एवढी चूक पदरात असताना भरपाई देणं हे कर्तव्यच होतं.

शोध घेणाऱ्याच्या दृष्टीनं स्वतंत्र भरपाईच्या या निर्णयाचा परिणाम मोठा आहे. जळालेलं घर 'युद्धहानी'च्या शीर्षकाखाली सापडणार नाही. ते मुंबईच्या स्फोटाच्या भरपाईत शोधायला हवं. तिथेही इमारतीचा दावा मालकाचा असतो. खोलीत तीस वर्षं राहिलेल्या भाडेकरूला फार तर सामानाचा दावा करता येई, आणि त्यासाठी लागणारे कागद त्याच खोलीत जळालेले असत. म्हणून मालकाचं नाव आधी काढावं, आपलं आडनाव नंतर शोधावं.

बिऱ्हाड नेमकं कुणाचं होतं, हाही गुंता आहे. जपानी हल्ल्याच्या भीतीनं १९४२ च्या आसपास कितीतरी कुटुंबं कोकणात, घाटावर गेली. मागे खोली भाऊबंदाकडे किंवा पोटभाडेकरूकडे राहिली, त्यामुळे भाडेपावतीवर एकाचं नाव आणि राहणारा दुसराच, असं सर्रास होई. मुंबईत मे १९४३ मध्ये रेशनिंग सुरू झालं. एखाद्या नातेवाइकाच्या ट्रंकेत त्या वर्षाचं रेशनकार्ड उरलं असेल, तर पत्त्याचा तो मोठा पुरावा आहे.

मला सगळ्यात उपयोगी वाटतो तो मात्र नंतरचा कायदा. १९४७ च्या भाडे कायद्यानं १ सप्टेंबर १९४० चं भाडं आधार धरलं. पुढे १९६९ च्या इमारत-दुरुस्ती कायद्यानं जुन्या इमारतींवर दुरुस्तीसाठी उपकर (जादा कर) बसवताना तीच तारीख घेतली: तिच्या आधीच्या इमारती 'अ' वर्गात, तिथपासून १९५० अखेरपर्यंतच्या 'ब' वर्गात, त्यानंतर ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या 'क' वर्गात. स्फोटाची ही नोंद नव्हे, तरी खूण म्हणून ती उपयोगी आहे. मांडवीतल्या एखाद्या गल्लीत शेजारच्या इमारती 'अ' वर्गातल्या आणि मधली एकच 'ब' किंवा 'क' असेल, तर त्या जागेचा सी.एस. नंबर (भूमापन क्रमांक) घ्यावा, मालमत्ता पत्रक (प्रॉपर्टी कार्ड) काढावं आणि १९४४ नंतरचे फेरफार बघावेत. जळालेली जागा कुणी कुणाला विकली, हे बहुतेक वेळा तिथूनच कळायला लागतं.