टॅबवरचं विमान आणि पॅनेलमधलं विमान: नकाशा सारखा, भरवसा वेगळा

छोट्या विमानाच्या कॉकपिटमध्ये हल्ली दोन नकाशे शेजारी शेजारी चालू असतात. एक पॅनेलमध्ये कायमचा बसवलेल्या जीपीएस नॅव्हिगेटरवर, दुसरा योकला (विमान वळवायच्या दांड्याला) किंवा मांडीवर बांधलेल्या टॅबवर. टॅबच्या दिमतीला बहुतेक वेळा समोरच्या काचेखाली ठेवलेला एक तळहाताएवढा रिसीव्हरही असतो. दोन्हीकडे ठरवलेला मार्ग दाखवणारी तीच मॅजेंटा रेघ आणि तेच छोटं विमान. टॅबचा पडदा मोठा आणि चित्र जास्त देखणं, त्यामुळे तोच जास्त अचूक असं वाटून जातं. गंमत म्हणजे निव्वळ अचूकतेत तो बऱ्याचदा कमी पडतही नाही. उघड्या आकाशाखाली दोघांनी सांगितलेल्या जागेत काही मीटरचाच फरक निघेल. खरा फरक दिसतो तो जागा चुकायला लागल्यावर: कोण बोलतं आणि कोण गप्प राहतं.

जागा आणि उंची काढायला ४ उपग्रह लागतात. त्यातला एक बिघडला तर चारांच्या गणितात ते कळायला वावच नसतो. उत्तर चुकीचं येतं, पण दिसतं नेहमीसारखंच. पाचवा उपग्रह दिसत असेल तर उत्तरं एकमेकांशी ताडून गडबड ओळखता येते. सहावा असेल तर बिघडलेला उपग्रह वगळून पुढे जाता येतं. या तपासणीला रेम म्हणतात. आयएफआरसाठी, म्हणजे बाहेर न बघता उपकरणांच्या भरवशावर उडण्यासाठी, मान्यता मिळालेल्या पॅनेलच्या रिसीव्हरला ही किंवा तिच्या तोडीची तपासणी सतत करावीच लागते. विमानाच्या उंचीमापकाची माहिती त्याला जोडलेली असेल तर एक उपग्रह कमी असला तरी चालतं. चूक मार्गावर २ सागरी मैल, टर्मिनल भागात (विमानतळाच्या आसपास) १ आणि अप्रोचवर (उतरण्याच्या वाटेवर) ०.३ सागरी मैलाच्या आत आहे याची हमी देता आली नाही, की तो पडद्यावर ‘इंटेग’ किंवा ‘एलओआय’ असा भरवसा गेल्याचा इशारा देतो आणि सीडीआयवर, म्हणजे मार्गापासून किती बाजूला आहोत ते सुईने दाखवणाऱ्या उपकरणावर, झेंडा (बिघाडाची खूण) पडतो.

टॅबमधली चिप मोबाइलच्या जातीची. काही झालं तरी ठिपका दाखवत राहायचं, ही तिची रीत. उपग्रह कमी पडले की ती ओळखीचं वाय-फाय, मोबाइल टॉवर, आतले सेन्सर यांचा आधार घेते. अॅप अचूकतेचा एखादा आकडा दाखवतं, पण तो चिपचा स्वतःबद्दलचा अंदाज असतो. सिग्नल गेल्यावर काही अॅप्समध्ये विमान शेवटच्या जागी थिजून राहतं. पायलट रेडिओवर गुंतलेला असेल तर हे लक्षात यायला वेळ लागतो.

बाहेरच्या छोट्या रिसीव्हरवर ‘वास’ असं छापलेलं असतं, तिथेही अचूकतेलाच भरवसा समजण्याचा घोळ होतो. अमेरिकेत वास, युरोपात एग्नॉस, भारतात गगन. या यंत्रणा भूस्थिर उपग्रहांवरून सुधारणा पाठवतात आणि कोणता उपग्रह वापरू नये हेही सांगतात. छोटा रिसीव्हर त्यातल्या सुधारणा वापरून ठिपका आणखी नेमका करतो. पॅनेलमधला टीएसओ-सी१४६ या विमान-उपकरणांच्या प्रमाणित दर्जाचा रिसीव्हर त्याच माहितीवरून हमीची मर्यादा काढतो आणि ती ओलांडली तर मार्गदर्शन मागे घेतो. एलपीव्ही अप्रोच (उपग्रहांवरून उंचीचंही मार्गदर्शन घेत उतरणं) त्या हमीवर उभा असतो. डबीवर ‘वास’ छापल्याने तो अधिकार येत नाही.

आता रेघेकडे बघू. पॅनेलची रेघ सीडीआयला आणि ऑटोपायलटला जोडलेली असते. वास असलेल्या नॅव्हिगेटरवर सीडीआयची सुई पूर्ण बाजूला गेली तर मार्गावर ते २ सागरी मैल असतात, टर्मिनलमध्ये १, अप्रोचवर ०.३; जुन्या टीएसओ-सी१२९ संचात मार्गावरचा आकडा ५ असतो. म्हणजे सुईची संवेदनशीलता टप्प्यानुसार आपोआप बदलते. टॅबवर तसं काही होत नाही, तिथे सगळा खेळ झूमचा. २० सेंटिमीटर रुंद पडद्यावर ४० सागरी मैल मावले असतील तर १ सागरी मैल म्हणजे ५ मिलिमीटर आणि ०.३ सागरी मैल म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटर. विमानाचं चित्रच त्याहून मोठं असतं. चित्र रेघेवर बसलेलं दिसतं तेव्हा विमान प्रत्यक्षात अर्धा किलोमीटर बाजूला असू शकतं.

वळणावरही दोघांचं जमत नाही. नॅव्हिगेटर वेग बघून बिंदूच्या आधीच वळायला सांगतो. बरीच अॅप्स टोकदार कोपरा काढून मोकळी होतात. त्यात टॅबमधली चिप साधारण सेकंदाला एकदा जागा बदलते. १२० नॉटला एका सेकंदात विमान ६२ मीटर पुढे जातं, म्हणून वळणात टॅबवरचं विमान मागे रेंगाळल्यासारखं दिसतं. सेकंदाला ५ किंवा १० वेळा जागा देणारा बाहेरचा रिसीव्हर लावला की ही तक्रार बरीच मिटते.

तो रिसीव्हर घेण्याआधी टॅब कोणता आहे ते बघा. फक्त वाय-फाय असलेल्या आयपॅडमध्ये जीपीएस चिप नसतेच. सेल्युलर मॉडेलमध्ये असते आणि तिला सिमची गरज नसते. वाय-फायवाला टॅब घरी जागा बरोबर दाखवतो, कारण ती आजूबाजूच्या राउटरवरून काढलेली असते. उड्डाणानंतर राउटर मागे राहतात आणि विमान धावपट्टीवरच उभं दिसतं. रिसीव्हर जोडल्यावर अॅपच्या सेटिंगमध्ये जागेचा स्रोत कोणता हे नाव वाचून खात्री करावी. रिसीव्हरची बॅटरी संपली की बरेच टॅब मुकाट्याने आपल्या चिपवर परततात.

एडीएस-बी, म्हणजे विमानं स्वतःची जागा रेडिओवरून सांगतात ते संदेश, घेणारा रिसीव्हर इतर विमानंही दाखवतो. पण ज्यांच्याकडे एडीएस-बी आउट (हे संदेश पाठवणारं यंत्र) आहे तीच थेट दिसतात, शिवाय आपल्याच पंखाच्या किंवा पोटाच्या आडोशाने काही निसटतात. पॅनेलला जोडलेली टीकॅससारखी टक्कर टाळायची यंत्रणा इतरांच्या ट्रान्सपाँडरला (विचारल्यावर उत्तर देणाऱ्या रेडिओ यंत्राला) स्वतः विचारणा करते. टॅब फक्त ऐकतो. आणखी एक त्रास म्हणजे आपलाच ट्रान्सपाँडर ऐकून आपल्याच डोक्यावर एक भुताचं विमान दिसणं. आपल्या विमानाचा ६ अक्षरांचा आयकाओ कोड अॅपमध्ये भरला की ते जातं.

त्याच रिसीव्हरमधून हवामानाच्या रडारचं चित्रही मिळतं, अर्थात जिथे जमिनीवरून ती सेवा प्रसारित होते तिथेच. ते अनेक रडार जोडून बनवलेलं चित्र असतं आणि कोपऱ्यातला वेळ हा ते चित्र तयार झाल्याचा. अमेरिकेच्या एनटीएसबी या अपघात तपास संस्थेने २०१२ साली इशारा दिला होता की आतली माहिती दाखवलेल्या वेळेपेक्षा १५ ते २० मिनिटांनी जुनी असू शकते. वादळाला दूरून वळसा घालायला ते उत्तम. दोन ढगांमधून वाट काढायला विमानावरचंच रडार हवं.

उंचीच्या बाबतीत जास्त सावध राहावं. उंचीमापक हवेचा दाब मोजतो, टॅब भूमितीने उंची काढतो. थंड हवेत उंचीमापक जास्त दाखवतो, म्हणून दोन आकडे जुळले नाहीत तर कोणी बिघडलेलं असेलच असं नाही. अँड्रॉइड मूळ उंची देतो ती डब्ल्यूजीएस-८४ लंबवर्तुळाभापासूनची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची. अॅपने ती समुद्रसपाटीला जुळवली नाही तर हिंदी महासागराच्या ज्या भागात हा फरक १०० मीटरच्या वर जातो तिथे आकडा ३०० फुटांहून अधिक कमी येईल. टॅबमधला दाबाचा सेन्सर दाबयुक्त केबिनमध्ये केबिनचीच उंची सांगतो. कृत्रिम क्षितिजाशेजारी टॅब वेगाची जी पट्टी दाखवतो, तो जमिनीवरचा वेग असतो. मागून २५ नॉट वारा असताना पट्टीवर ९० दिसले तर हवेतला वेग ६५ आहे, आणि स्टॉल, म्हणजे पंखांची उचल हरपणं, हवेतल्या वेगावरच ठरतो.

बिघाड मात्र बहुतेक साधेच असतात. आयपॅडची चालण्याची मर्यादा ० ते ३५ अंश सेल्सिअस. उन्हात काळ्या ग्लेअरशील्डवर (काचेखालच्या फळीवर) ती पटकन ओलांडली जाते. आधी पडदा मंद होतो, चार्जिंग थांबतं, मग तापमानाचा इशारा देऊन टॅब बंद. कव्हर काढणं, चार्जर काढणं आणि हवेचा झोत टॅबच्या पाठीवर सोडणं, एवढ्याने बहुधा भागतं. २८ व्होल्टच्या विमानात १२ व्होल्टचा गाडीचा चार्जर लावू नये. आणि चार्जर कोणताही असला तरी तो लावल्यावर व्हीएचएफ रेडिओवर खरखर वाढते का ते जमिनीवरच ऐकावं.

रेडिओचाही उलटा त्रास होतो. जीपीएसची वारंवारता १५७५.४२ मेगाहर्ट्झ, १३१.२७५ किंवा १२१.१७५ वर बोलताना त्यांच्या बाराव्या आणि तेराव्या हार्मोनिक (बारा आणि तेरा पटीच्या वारंवारता) तिथेच येऊन पडतात. जमिनीवर या वारंवारता मोकळ्या असल्याची खात्री करून, परवानगीने अर्धा मिनिट ट्रान्समिट करून बघा. उपग्रहांचे पट्टे कोसळले तर रिसीव्हर अँटेनापासून दूर न्यावा. चुंबकाचं कव्हर होकायंत्राजवळ नेलं की होकायंत्र फिरतं, हेही तेव्हाच तपासून घ्यावं. काचेला चिकटवलेल्या सक्शन स्टँडची पकड केबिनमधल्या हवेच्या दाबावर असते. दाब नसलेल्या विमानात १०,००० फुटांवर तो जवळपास एक तृतीयांशाने घटतो, म्हणून स्टँडला दोरी हवीच. टॅब बसवल्यावर योक पूर्ण मागे ओढून दोन्ही बाजूंना फिरवून बघायचा.

उड्डाणात मार्ग बदलला की आधी पॅनेलमध्ये बदलावा, मग टॅबवर. एटीसीने (हवाई वाहतूक नियंत्रणाने) थेट पुढच्या बिंदूकडे जायला सांगितलं आणि टॅबवर बोट लावून काम झालं असं वाटलं, तर ऑटोपायलट जुन्याच रेघेवर उडत राहतो. दोन्ही नकाशे एकमेकांशी जुळेनासे झाले तर पहिली शंका हीच घ्यावी. मग पॅनेलवर इशारा आहे का ते बघावं आणि व्हीओआर-डीएमई या जमिनीवरच्या रेडिओ केंद्राशी किंवा खाली दिसणाऱ्या ठळक खुणेशी जागा ताडावी. खोटे सिग्नल सोडले जात असतील तर दोन्ही पडदे एकत्रच फसू शकतात. अशा वेळी घड्याळाची वेळ अचानक उडी मारते किंवा जमिनीवरचा वेग हवेतल्या वेगाशी विसंगत होतो. पॅनेलवर झेंडा पडला तर आयएफआरमध्ये व्हीओआर किंवा आयएलएसवर (धावपट्टीकडे नेणाऱ्या जमिनीवरच्या रेडिओ यंत्रणेवर) जायचं, एटीसीला कळवायचं आणि रडार व्हेक्टर (रडारवर बघून सांगितलेल्या दिशा) मागायचे. टॅबवरचं विमान त्या वेळी सुरळीत सरकत असलं तरी त्याच्या रेघेवरून अप्रोच करायचा नाही.