धातुक

ज्या खनिजातून किंवा खनिजांच्या मिश्रणातून धातू किफायतशीरपणे वेगळा काढता येतो, त्याला धातुक म्हणतात. व्याख्येतील किफायतशीरपणाची अट काढून टाकली तर उरते ते केवळ खनिज. खनिज हे निसर्गाच्या रचनेवरून ओळखले जाते. धातुक मात्र बाजारभाव, शुद्धीकरणाचे तंत्र, वाहतुकीचा खर्च आणि कायदा यांवरून ठरते, आणि म्हणूनच त्याची सीमा कधीच स्थिर नसते.

सह्याद्रीच्या बेसाल्टमध्ये वजनाने सुमारे ९ ते १० टक्के लोह असते. भूकवचातील लोहाची सरासरी ५ टक्क्यांच्या आसपास आहे, हे लक्षात घेता हे प्रमाण जवळजवळ दुप्पट भरते. तरीही हा काळा कातळ लोहाचे धातुक नाही, कारण त्यातील बरेचसे लोह पायरोक्सीनसारख्या सिलिकेट खनिजांत घट्ट बांधलेले असते आणि ते सोडवण्यासाठी लागणारी ऊर्जा हाती येणाऱ्या लोखंडापेक्षा महाग पडते. हेमॅटाइट या लोहखनिजात, ते शुद्ध असल्यास, लोह सुमारे ७० टक्के असते, शिवाय ते ऑक्साइडच्या रूपात असल्याने झोतभट्टीत सहज सुटते. तांब्याची गोष्ट याउलट आहे. भूकवचात ते सरासरी जेमतेम ०.००६ टक्के असल्यामुळे ०.५ टक्के तांबे असलेला खडकही मोठ्या उघड्या खाणीत धातुक ठरू शकतो.

धातुकातील धातूच्या प्रमाणाला प्रत म्हणतात. लोह, तांबे यांची प्रत टक्क्यांत, तर सोन्याची एका टनामागे ग्रॅममध्ये सांगतात. ज्या प्रतीच्या खाली खडक काढणे परवडत नाही, ती कट-ऑफ प्रत होय. भाव वाढले की ती खाली येते आणि काल टाकाऊ म्हणून ढिगावर गेलेला माल आज धातुक होतो. गोव्यात हे प्रत्यक्ष घडले. नागपूरला मुख्यालय असलेल्या भारतीय खाण ब्युरोने हेमॅटाइटसाठीची किमान प्रत २००९ मध्ये ५५ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर आणली. त्याआधीच चीनच्या पोलाद कारखान्यांची मागणी वाढल्याने डिचोली, सांगे या भागांत वर्षानुवर्षे साचलेल्या हलक्या प्रतीच्या ढिगांना गिऱ्हाईक मिळू लागले होते. कागदावरचा एक आकडा बदलल्याने खाणीतील साठ्याचा हिशेबच बदलतो, हे खाणकामाविषयीच्या कोणत्याही चर्चेत विसरून चालणार नाही.

धातुकासोबत येणाऱ्या वाळू, क्वार्ट्झ, माती अशा निरुपयोगी द्रव्यांना मृदा अशुद्धी म्हणतात. ओव्हरबर्डन मात्र वेगळे: धातुकाच्या थरावर असलेली आणि तेथपर्यंत पोहोचण्यासाठी आधी हटवावी लागणारी माती व खडक यांना हे नाव आहे. एक टन धातुकासाठी किती टन ओव्हरबर्डन व इतर टाकाऊ खडक हलवावा लागतो, त्या गुणोत्तरास स्ट्रिपिंग रेशो म्हणतात. गोव्याच्या लोहखाणींत ते साधारण अडीच ते तीन टन धरले जाते. पावसाळ्यात या ढिगांवरील तांबडा गाळ ओहोळांत उतरतो आणि खालची भातशेती बुजवतो. त्यामुळे हे गुणोत्तर जितके खाणमालकाच्या हिशेबाचे, तितकेच शेजारच्या शेतकऱ्याच्याही जिव्हाळ्याचे आहे.

संसाधन आणि राखीव साठा या संज्ञांचीही वृत्तपत्रांत नेहमी गल्लत होते. संसाधन म्हणजे जमिनीत असल्याचा भूवैज्ञानिक अंदाज. त्यातील जो भाग आजच्या परिस्थितीत फायद्याने काढता येईल असे अभ्यासाने दाखवले आहे, तोच राखीव साठा.

धातुक दळून, फेनतरणासारख्या (खनिजाचे कण फेसाबरोबर वर तरंगवण्याच्या) पद्धतीने त्यातील उपयुक्त खनिज वेगळे केल्यावर मागे उरणाऱ्या बारीक चुऱ्याला टेलिंग्ज म्हणतात. कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणी तीन किलोमीटरहून खोल गेल्या, खर्च परवडेनासा झाला आणि २००१ मध्ये त्या बंद पडल्या. सायनाइडच्या द्रावणात सोने विरघळवून काढण्याच्या प्रक्रियेतून उरलेल्या चुऱ्याच्या तेथील टेकड्यांत मात्र अजूनही थोडे सोने शिल्लक असून, ते पुन्हा काढण्याच्या योजना वेळोवेळी मांडल्या गेल्या आहेत.