वादळाचा स्लॅब आणि जुन्या थरावरचा स्लॅब

व्हँकुवर किंवा सिअ‍ॅटलला स्थायिक झालेले मराठी ट्रेकर हिवाळ्यात कोस्ट आणि कॅस्केड पर्वतरांगांत, स्की रिसॉर्टच्या हद्दीबाहेर जाऊ लागले की एक नियम लवकरच त्यांच्या कानावर पडतो : वादळ सरल्यावर दोन दिवस थांबावे, तोवर बर्फ बसतो. नियम खरा आहे, पण तो हिमस्खलनाच्या एका प्रकारापुरताच. दिसायला अगदी तसाच असलेला दुसरा प्रकार ओळखता आला नाही, तर हाच नियम जिवावर बेततो.

दोन्हींची रचना सारखी असते. वर एकसंध बर्फाचा जाड थर, म्हणजे स्लॅब. त्याखाली कमकुवत थर. आणि बहुधा ३० ते ४५ अंशांचा उतार. कमकुवत थर एका जागी खचला की भेग त्यातून दूरवर धावते आणि वरचा सगळा स्लॅब एकदम सुटतो. फरक आहे तो खालचा थर कशाचा बनला आणि किती दिवस टिकतो यात.

वादळाच्या स्लॅबमध्ये कमकुवत थर त्याच वादळातला असतो : सुरुवातीला पडलेला हलका बर्फ, किंवा नव्या आणि जुन्या बर्फातला अजून न जुळलेला सांधा. प्रशांत महासागरावरून येणारी वादळे इथे प्रचंड बर्फ टाकतात; १९९८-९९ च्या हंगामात माउंट बेकर स्की क्षेत्रात जवळपास २९ मीटर बर्फ पडला. मात्र हवा फार थंड नसल्याने कण लवकर गोलसर होऊन एकमेकांना धरतात. म्हणून धोका वादळ चालू असताना आणि त्यानंतर लगेचच सर्वाधिक असतो, आणि बर्फावर पाऊस कोसळला तर तो आणखी वाढतो. १ मार्च १९१० रोजी कॅस्केडमधील वेलिंग्टन येथे अनेक दिवसांच्या हिमवर्षावानंतर पाऊस आला, वरचा उतार सुटला आणि अडकून पडलेल्या दोन आगगाड्या दरीत ढकलल्या गेल्या. ९६ माणसे गेली. या प्रकाराची लक्षणे सहसा लपत नाहीत : पायापासून पळत जाणाऱ्या भेगा, आसपासच्या उतारांवरील ताजी स्खलने, काही तासांत गुडघाभर साचलेला बर्फ.

दुसऱ्या प्रकारातला कमकुवत थर वादळापूर्वीच, निरभ्र आणि शांत दिवसांत तयार झालेला असतो. कडाक्याच्या थंडीत महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठतात, ते आपल्याला परिचित आहे. तशाच रात्री बर्फाचा पृष्ठभाग उष्णता गमावतो आणि हवेतील बाष्प त्यावर थेट पिसांसारख्या नाजूक स्फटिकांच्या रूपात जमते. पुढच्या वादळाखाली ते गाडले गेले की आठवडेच्या आठवडे तसेच उभे राहू शकतात. दुसरी वाट तापमानाच्या फरकाची आहे. तीन मीटर जाडीच्या हिमथरात तळ शून्य अंशावर आणि पृष्ठभाग उणे सहावर असेल, तर दर दहा सेंटिमीटरमागे सरासरी फरक ०.२ अंशाचा पडतो आणि कण बळकट होत जातात. तोच फरक साधारण एक अंशाच्या पुढे गेला की कण कोनेदार आणि साखरेसारखे सुटे होतात. एरवी हे रॉकी पर्वतातल्या पातळ, थंड हिमथराचे दुखणे. पण खंडाच्या आतली कोरडी, गारठलेली हवा दऱ्यांतून किनाऱ्याकडे उतरते, तेव्हा पावसाने बनलेल्या बर्फाच्या कडक पापुद्र्याजवळ असे कण किनारी पर्वतांतही तयार होतात.

वर सुंदर, बसलेला बर्फ आणि खाली असा थर असेल तर डोळ्यांना काहीच दिसत नाही. आधी पाचजण त्याच उतारावरून सुखरूप गेले म्हणून सहावा सुरक्षित ठरत नाही, कारण खडकाजवळ जिथे स्लॅब पातळ आहे तिथे त्याचे वजन नेमके पडू शकते. कधी तर खालच्या सपाटीवर चालणाऱ्या माणसामुळे वरचा उतार सुटतो.

माझ्या मते सर्वांत मोठी गल्लत हिमस्खलनाचा अंदाज वाचताना होते. अ‍ॅव्हलांच कॅनडा आणि नॉर्थवेस्ट अ‍ॅव्हलांच सेंटर या असा अंदाज देणाऱ्या संस्था धोक्याच्या पाच पातळ्या देतात, आणि बहुतेकजण तो एक आकडा पाहून निघतात. पण वादळाच्या छोट्या स्लॅबमुळे दिलेली दुसरी पातळी आणि खोलवरच्या जुन्या थरामुळे दिलेली दुसरी पातळी यांत अंतर आहे : दुसऱ्या बाबतीत स्लॅब सुटण्याची शक्यता कमी असली, तरी सुटलाच तर तो माणसाला जगण्याची फारशी संधी देत नाही. म्हणून आकड्याखाली लिहिलेला समस्येचा प्रकार आधी वाचावा. तिथे जुन्या थराचा उल्लेख असेल, तर बर्फात खड्डा खणून केलेल्या एका चाचणीवरही विसंबू नये, कारण वीस पावलांवर थराची स्थिती वेगळी असू शकते. तो उल्लेख अंदाजातून काढला जाईपर्यंत मी ३० अंशांपेक्षा कमी उतारावर राहतो, आणि त्यावर तीव्र उतार टांगलेला नाही ना, हे नकाशात आधीच पाहून घेतो.