पायमॅलॉक

सीपायथॉनमध्ये, म्हणजे पायथॉन भाषेच्या मूळ अंमलबजावणीत, छोट्या ऑब्जेक्टना मेमरी वाटणारी यंत्रणा. ५१२ बाइटपर्यंतची मागणी ती स्वतः भागवते. त्यावरची सी लायब्ररीच्या मॅलॉककडे, म्हणजे मेमरी देणाऱ्या फंक्शनकडे, जाते. व्लादिमिर मारांगोझोव्ह यांनी लिहिलेली ही यंत्रणा २००३ मधल्या २.३ आवृत्तीपासून आपोआप चालू असते.

ऑपरेटिंग सिस्टिमकडून ती ‘अरीना’ नावाचा मोठा तुकडा घेते. ६४-बिट यंत्रांवर ३.१० आवृत्तीपासून तो १ एमबीचा असतो (आधी २५६ केबी). अरीनाचे १६ केबीचे पूल पडतात आणि एका पुलात एकाच मापाचे ब्लॉक असतात. मापे १६ च्या पटीत. ५० बाइट मागितले की ६४ चा ब्लॉक मिळतो आणि असे २५५ ब्लॉक एका पुलात बसतात.

‘सगळं डिलीट केलं तरी मेमरी उतरत नाही’ ही नेहमीची तक्रार. तिचे मूळ बहुधा इथेच असते: अरीनातले सगळे पूल रिकामे झाल्याशिवाय तो परत जात नाही. एक ब्लॉक जिवंत राहिला तरी अख्खा एमबी अडकतो. (२००६ च्या २.५ आवृत्तीआधी तर अरीना परत जातच नसे.) त्यामुळे ‘टॉप’ या कमांडमधला आरएसएस (प्रोसेसने प्रत्यक्ष व्यापलेली रॅम) पाहून मेमरी-गळतीचा निकाल देऊ नये. तेच काम दहा वेळा चालवावे. आकडा चढून स्थिरावला, तर जुनी जागा पुन्हा वापरली जात आहे. दर फेरीला चढत गेला, तर कोणीतरी ऑब्जेक्ट धरून बसले आहे.

सिस मोड्यूलमधल्या डीबगमॅलॉकस्टॅट्सच्या तक्त्यात प्रत्येक मापाचे वापरातले आणि शिल्लक ब्लॉक दिसतात. शिल्लक पुष्कळ आणि तरीही चालू अरीनांची संख्या उच्चांकाजवळच, तर ते फ्रॅगमेंटेशन, म्हणजे मोकळी जागा अनेक अरीनांत विखुरलेली. वापरातलेच वाढत असतील, तर ३.४ पासून असलेल्या ट्रेसमॅलॉक या वाटप नोंदवणाऱ्या मोड्यूलचे दोन स्नॅपशॉट ताडून पाहावेत. कोडची नेमकी ओळ हाती लागते. मात्र ते सुरुवातीलाच चालू करावे, कारण आधीचे वाटप त्याला दिसत नाही. सी एक्स्टेन्शनने (सी भाषेत लिहिलेल्या मोड्यूलने) थेट मॅलॉककडून घेतलेली मेमरीही त्यातून निसटते.

३.६ पासून पायथॉनमॅलॉक या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला ‘मॅलॉक’ हे मूल्य दिले की पायमॅलॉक बाजूला होते आणि मेमरीच्या चुका शोधणाऱ्या व्हॅलग्रिंड या साधनाला प्रत्येक वाटप वेगळे दिसते. ‘डीबग’ दिले, तर मोकळा केलेला ब्लॉक ‘डीडी’ या हेक्स बाइटने भरला जातो (३.८ पासून). क्रॅशमध्ये ‘डीडीडीडी’ असा पॉइंटर (मेमरीचा पत्ता) दिसला, की सोडलेली मेमरी कोणीतरी पुन्हा वाचली असे समजावे.