कम्युनिटी कॉलेजमध्ये कोर्स घेताय? बदललेले नंबर, बदललेल्या पूर्वअटी आणि लागणारे कागद

२०२५ च्या फॉलपासून, म्हणजे शरद सत्रापासून, कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांचे (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजांचे) कॅटलॉग बदलले आणि बे एरियातल्या मराठी घरांत त्यावरून गोंधळ सुरू झाला. थोरल्याने डी ॲन्झा कॉलेजात इंग्रजीचा ‘ईडब्ल्यूआरटी १ए’ केला होता, धाकटी तोच नंबर शोधते तर सापडत नाही. एच-४ वर (एच-१बी नोकरदाराच्या कुटुंबाच्या व्हिसावर) आलेली कुणी स्टॅटिस्टिक्ससाठी ‘मॅथ १०’ शोधतेय, तोही गायब. त्यातच गणिताच्या पूर्वअटी बदलल्या आणि इथले कोर्स धरून पुढे युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर होण्याचा आराखडाही बदलला. ओळखीतल्या मुलाने तीन वर्षांपूर्वी काय केलं, हे विचारून कोर्स ठरवायची आपल्याकडची पद्धत सध्या तरी बाजूला ठेवा.

आधी नंबरांचं. राज्यात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत आणि एकच विषय प्रत्येक ठिकाणी वेगळ्या नंबराने शिकवला जायचा. २०२१ साली झालेल्या एबी ११११ कायद्याने सगळ्यांना समान नंबर बंधनकारक केले. पहिल्या टप्प्यात सहा कोर्स आले: इंग्लिश सी१००० आणि इंग्लिश सी१००१, स्टॅटिस्टिक्स सी१०००, सायकॉलॉजी सी१०००, अमेरिकन राज्यव्यवस्थेचा पोलिटिकल सायन्स सी१००० आणि भाषणकलेचा कम्युनिकेशन सी१०००. नंबरातला ‘सी’ कॉमनचा. शेवटी ‘एच’ असेल तर तो ऑनर्सचा वर्ग. ‘ई’ असेल तर जादा मदतीचे तास त्याच कोर्सात धरलेले असतात, म्हणजे युनिट (कोर्स मोजायचं माप) आणि आठवड्याचे तास दोन्ही जास्त. जुन्या नंबराने कोर्स झाला असेल आणि ग्रेड सी किंवा वर असेल, तर तो नव्याच्या बरोबरीचा धरतात, पुन्हा करायचा नाही. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, कॅल्क्युलस हे पुढच्या टप्प्यातले. त्यामुळे दर वर्षी त्या वर्षाचा कॅटलॉग उघडावा लागणार आहे.

पूर्वअटीची ओळ कशी वाचायची

कोर्सच्या वर्णनाखाली तीनपैकी एखादा शब्द असतो. प्रीरेक्विझिट म्हणजे आधी पूर्ण झालंच पाहिजे असं काही. ते नसेल तर रजिस्ट्रेशनची सिस्टिम आत घेत नाही. कोरेक्विझिट म्हणजे त्याच सत्रात जोडीने घ्यायचा कोर्स. ॲडव्हायझरी ही नुसती शिफारस. ती पूर्ण नसली तरी कुणी अडवत नाही. हा तिसरा शब्द वाचून परत फिरणारे बरेच जण भेटतात आणि त्याचं वाईट वाटतं, कारण त्यांना प्रवेश सहज मिळाला असता.

स्टॅटिस्टिक्स सी१००० चं उदाहरण घ्या. अट दोन तुकड्यांची आहे: कॉलेजच्या ‘मल्टिपल मेझर्स’ पद्धतीने (हायस्कूलच्या ग्रेड वगैरे बघून) झालेलं प्लेसमेंट, म्हणजे पातळीची निश्चिती, किंवा इंटरमीजिएट अल्जिब्रा अथवा त्यावरच्या पातळीचा कोर्स. मधला ‘किंवा’ महत्त्वाचा. दोन्ही लागत नाहीत. इंग्लिश सी१००० ला फक्त प्लेसमेंट लागतं. सी१००१ ला मात्र सी१००० किंवा त्याच्या तोडीचा कोर्स आधी हवाच.

प्लेसमेंट म्हटलं की आपल्याला प्रवेश परीक्षा आठवते. ती आता नाही. २०१७ साली मंजूर झालेल्या एबी ७०५ कायद्याने इंग्रजी आणि गणितासाठी जुन्या प्लेसमेंट टेस्ट बाजूला गेल्या, आणि हायस्कूलचे विषय, ग्रेड आणि जीपीए (ग्रेडची सरासरी) बघून विद्यार्थ्याला थेट ट्रान्सफर-पातळीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटीत धरल्या जाणाऱ्या, कोर्सात घालायचं ठरलं. अमेरिकेत हायस्कूल झालेलं नसेल, बारावी पुण्याला किंवा लातूरला झाली असेल, तर बहुतेक कॉलेजं सेल्फ-प्लेसमेंटची प्रश्नावली देतात. ती प्रामाणिकपणे भरा. पण उगाच स्वतःला कमीही लेखू नका, कारण खालच्या पातळीचे कोर्स आता फारसे उरलेलेच नाहीत.

२०२२ च्या एबी १७०५ ने हेच कॅल्क्युलसपर्यंत नेलं. इंजिनिअरिंग, भौतिकशास्त्र, कॉम्प्युटर सायन्स अशा शाखांच्या विद्यार्थ्यांना २०२५ च्या फॉलपासून शक्यतो थेट पहिल्या कॅल्क्युलसमध्ये बसवायचं. कॉलेज अल्जिब्रा, मग ट्रिगोनोमेट्री, मग प्रीकॅल्क्युलस अशी लांबलचक साखळी आता चालत नाही. बऱ्याच कॉलेजांनी कॅल्क्युलससोबत घ्यायचा सपोर्ट कोर्स काढला, काहींनी एका सत्रात संपणारा नवा तयारीचा कोर्स बसवला. नवीन कोर्सच्या यादीत गणिताचे एवढे नंबर दिसतात ते यामुळे. माझं मत विचाराल तर पंधरा वर्षांच्या खंडानंतर गणिताकडे वळणाऱ्याने सपोर्ट कोर्स सोडू नये. सक्ती नसली तरी घ्यावा.

पूर्वअट ‘क्लिअर’ करायची पद्धत

खरं घोडं इथे अडतं. कॉलेजला तुमचं आधीचं शिक्षण आपोआप कळत नाही. त्याच कॉलेजात कोर्स झाला असेल तर प्रश्न नाही. अगदी तो सध्या चालू असला तरी पुढच्या कोर्सला नाव घालता येतं, मात्र ग्रेड सी पेक्षा खाली आली तर पुढच्यातून काढून टाकतात. सी-मायनसही सहसा चालत नाही. पण शिक्षण दुसरीकडे झालं असेल तर ‘प्रीरेक्विझिट क्लिअरन्स’चा अर्ज द्यावा लागतो. तो कॉलेजच्या पोर्टलवर, काउन्सेलिंग किंवा असेसमेंट विभागाखाली मिळतो. अर्ज कोणत्या कोर्ससाठी, कोणती अट, ती कुठे आणि केव्हा पूर्ण केली, एवढंच विचारतो.

सोबत काय जोडायचं ते तुम्ही कुठून आलात त्यावर ठरतं. अमेरिकेतल्या दुसऱ्या कॉलेजात कोर्स झाला असेल तर बहुतेक ठिकाणी अनऑफिशियल ट्रान्स्क्रिप्टची (स्वतः उतरवून घेतलेल्या गुणपत्रकाची) पीडीएफ चालते, फक्त त्यावर नाव, कॉलेज, कोर्स आणि ग्रेड स्पष्ट दिसायला हवी. एपी (हायस्कूलमध्येच देता येणाऱ्या कॉलेज-पातळीच्या) परीक्षेत ३ किंवा जास्त गुण असतील तर ती घेणाऱ्या कॉलेज बोर्डाचा निकाल जोडा. एपी कॅल्क्युलसवर पुढच्या कॅल्क्युलसचा मार्ग मोकळा होतो.

भारतातल्या पदवीसाठी काम वाढतं. मूळ मार्कशीटवरून कॉलेज निर्णय देत नाही. परदेशी शिक्षणाचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थांच्या एनएसीईएस या संघटनेच्या सदस्य संस्थेकडून मूल्यांकन करून घ्यावं लागतं आणि तो अहवाल ‘कोर्स-बाय-कोर्स’ प्रकारचा असावा लागतो. स्वस्तातला, फक्त पदवीची बरोबरी सांगणारा अहवाल इथे कामाचा नाही, कारण त्यात एकेका विषयाचे युनिट आणि ग्रेड नसतात. कागद पाठवताना फक्त टी.वाय.ची मार्कशीट पाठवू नका. बी.कॉम.चं गणित-संख्याशास्त्र एफ.वाय.ला झालेलं असतं, आणि नेमकी तीच मार्कशीट नसली तर स्टॅटिस्टिक्सची अट सिद्ध होत नाही. तिन्ही वर्षांच्या मार्कशीट आणि पदवी प्रमाणपत्र हवं. काही मूल्यांकन संस्था विद्यापीठाकडून थेट आलेलं ट्रान्स्क्रिप्टच मागतात. त्यासाठी विद्यापीठाच्या परीक्षा विभागात अर्ज, फी आणि वाट बघणं आलंच, तेव्हा भारतात कुणी जाणार असेल तर हे काम त्यांच्या गळ्यात घाला.

नावाचंही बघून घ्या. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, खाली आईचं नाव वेगळं. पासपोर्टवर लग्नानंतरचं आडनाव असेल तर कॉलेजच्या क्लार्कला ही दोन वेगळी माणसं वाटतात. विवाह नोंदणीचा दाखला आणि दोन ओळींचं स्पष्टीकरण अर्जासोबतच जोडलं की ई-मेलांची ये-जा वाचते.

आणखी एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. भारतातला कोर्स पूर्वअट सिद्ध करायला चालला म्हणून तो ट्रान्सफरच्या आराखड्यात मोजला जाईल असं नाही. २०२५ च्या फॉलपासून नवीन विद्यार्थ्यांसाठी यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) आणि सीएसयू (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) या दोन्ही विद्यापीठ-समूहांना मिळून कॅल-गेटसी हा एकच, ३४ सेमिस्टर युनिटांचा आराखडा आहे, आणि परदेशी संस्थांतले कोर्स त्यात धरत नाहीत. भाषणकलेचा कोर्स त्यात आला आहे. पूर्वी फक्त यूसीला जाणाऱ्यांना तो टाळता यायचा. आधीपासून खंड न पडता शिकत असलेल्यांना जुना आराखडा ठेवता येतो. त्याला ‘कॅटलॉग राइट्स’ म्हणतात आणि तो हक्क काउन्सेलरकडून लेखी नोंदवून घ्यावा.

अट पूर्ण नाही, पण विषय येतो

अशा वेळी ‘प्रीरेक्विझिट चॅलेंज’ दाखल करता येतं. हा राज्याच्या टायटल ५ नियमावलीतला हक्क आहे, कुणाची मेहरबानी नाही. कारणं ठरलेली आहेत: तो विषय पूर्वशिक्षणाशिवाय पार पाडण्याइतकं ज्ञान तुमच्याकडे आहे, किंवा पूर्वअटीचा कोर्स कॉलेज वेळेवर उपलब्धच करून देत नाही, किंवा अट नियमबाह्य अथवा भेदभाव करणारी आहे. पुरावा द्यायची पहिली जबाबदारी तुमची. आठ वर्षं जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत काम केलेल्याने प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या कोर्सला बसण्याऐवजी अनुभवाचं पत्र, केलेल्या कामाचे नमुने देऊन दुसऱ्याला थेट जाण्याचा अर्ज केला तर तो अगदी योग्य उपयोग. वर्गात जागा असेल तर कॉलेजने पाच कामकाजी दिवसांत निर्णय द्यायचा असतो.

नवीन कोर्स दिसला तर

कॅटलॉगमध्ये नवं नाव दिसलं की उत्साहाने उडी मारण्याआधी त्याचा प्रवास समजून घ्या. कोर्स आधी कॉलेजच्या करिक्युलम कमिटीत, मग विश्वस्त मंडळात मंजूर होतो, मग राज्याच्या चॅन्सेलर कार्यालयात नोंदला जातो. तेवढ्यावर तो शिकवता येतो. पण यूसीला तो चालणार का, कॅल-गेटसीच्या कुठल्या खणात बसणार, हे वेगळ्या मंजुऱ्यांवर ठरतं आणि त्या मागून येतात. मंजुरी लागू होण्याआधीच्या सत्रात केलेला कोर्स मागाहून मोजून घेतील या भरवशावर राहू नका. असिस्ट डॉट ऑर्ग या सरकारी संकेतस्थळावर कॉलेज आणि शैक्षणिक वर्ष निवडून बघा. तिथे त्या वर्षाच्या यादीत कोर्स नसेल तर ट्रान्सफरच्या हिशेबात तो धरू नका. नोकरीसाठी कौशल्य म्हणून घेत असाल तर मात्र खुशाल घ्या.

कोण अर्ज करू शकतं, खर्च किती

अठरा वर्षं पूर्ण झालेली व्यक्ती किंवा हायस्कूल पास झालेली व्यक्ती अर्ज करू शकते. अर्ज सीसीसीअप्लाय या कम्युनिटी कॉलेजांच्या संकेतस्थळावर, फुकट. पैसे मागणारी साइट दिसली तर ती ही नव्हे. राज्याच्या रहिवाशाला सेमिस्टर युनिटला ४६ डॉलर. डी ॲन्झा आणि फूटहिल क्वार्टरवर चालतात, तिथे युनिटला ३१, म्हणजे पाच युनिटांचा कोर्स १५५ डॉलर आणि वर किरकोळ शुल्क. अनिवासी ठरलात तर आकडा कित्येक पटींनी वाढतो, म्हणून निवासाचा पुरावा गांभीर्याने घ्या.

सत्र सुरू होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत कॅलिफोर्नियात वर्षाहून जास्त वास्तव्य आणि इथेच राहण्याचा इरादा, अशी अट आहे. एच-१बी, एच-४, एल-२ अशा नोकरदारांच्या आणि त्यांच्या कुटुंबांच्या व्हिसांवरच्या लोकांना असा निवास सिद्ध करता येतो. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर येत नाही, आणि एफ-१ वरून एच-४ वर आलेल्यांचा एफ-१ चा काळ सहसा मोजत नाहीत. राज्याचं टॅक्स रिटर्न, ड्रायव्हिंग लायसन्स, भाडेकरार, आय-७९७ (व्हिसा-दर्जा मंजूर झाल्याचं पत्र) हे कागद एकत्र ठेवा. भाडेकरारावर फक्त नवऱ्याचं नाव ही नेहमीची अडचण. घरमालकाकडून तुमचंही नाव घालून घ्या. आईबाबा व्हिजिटर व्हिसावर आले असतील तर त्यांना क्रेडिट कोर्सला घालता येत नाही.

हायस्कूलमधल्या मुलांना शाळेच्या आणि पालकांच्या सहीचा परवानगी अर्ज लागतो, बहुतेक ठिकाणी सत्राला ११ युनिटांपर्यंत फी माफ असते, आणि रजिस्ट्रेशनची पाळी सहसा सगळ्यांत शेवटी येते. त्यांनाही पूर्वअट लागू आहेच. आणि इथली ग्रेड कायमची राहते, यूसीच्या अर्जात दाखवावी लागते, तेव्हा उन्हाळ्यात वेळ जात नाही म्हणून नववीतल्या पोराला कॅल्क्युलसला बसवू नका.

नव्या विद्यार्थ्याने ओरिएंटेशन, प्लेसमेंट आणि एज्युकेशन प्लॅन हे तिन्ही उरकले तर रजिस्ट्रेशनची तारीख लवकरची मिळते. क्लिअरन्सचा अर्ज त्या तारखेच्या किमान तीन-चार आठवडे आधी द्या, भारतातलं मूल्यांकन करायचं असेल तर कित्येक महिने आधी. निर्णय कॉलेजने दिलेल्या ई-मेल पत्त्यावर येतो, तुमच्या नेहमीच्या जीमेलवर नाही. वेटलिस्टवरून जागा मिळाल्याचा निरोपही तिथेच येतो आणि ती जागा घ्यायला मुदत फार थोडी असते, म्हणून तो इनबॉक्स फोनवर जोडून घ्या.